मिस ओपलचं सोंग

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच गळा काढायला नको. कुत्रा-बराकीत मी गेले ती थंड हवेसाठी. जुलैत कॅन्ससमधल्या आमच्या तुरुंगाच्या भिंती तव्यासारख्या तापतात, आणि बायकांना उकडतं यावर सरकारचा विश्वास नाही. कुत्र्यांना मात्र उकडतं. म्हणून कुत्रा-बराकीत एसी आहे, बाकी कुठेच नाही. म्हटलं चला, कुत्र्यांच्या पुण्याईने का होईना, चार घटका सुखाने झोपू.

काम असं होतं. बाहेरची एक संस्था बेवारस कुत्री आणून आम्हा कैद्यांच्या हवाली करायची. एका कोठडीत दोन बायका आणि एक कुत्रा. वर्षभर, कधी जास्तही, त्याला शिकवायचं. तयार झाला की तो लढाईवरून परत आलेल्या एखाद्या शिपायाकडे जायचा. शिपाई म्हणजे असा, की जो घरी तर आलाय, पण डोकं अजून तिकडेच आहे. गर्दीत मालक घाबरला की कुत्र्याने त्याच्या पायाला टेकून उभं राहायचं. मालकाचे हात थरथरायला लागले की मांडीवर डोकं ठेवायचं. आणि मालक झोपेत हातपाय झाडायला लागला, की त्याला उठवायचं. आधी नाकाने ढोसायचं, नाही उठला तर पुढचे पाय छातीवर टाकून सगळा भार द्यायचा आणि तोंड चाटत राहायचं.

हे शेवटचं शिकवायला नाटक करावं लागतं. एकीने पलंगावर पडून वाईट स्वप्नाचं सोंग आणायचं, तळमळायचं, ओरडायचं. दुसरीने कुत्र्याला सोडायचं आणि त्याने बरोबर केलं की खाऊ द्यायचा. जेवणानंतर आमच्या बराकीत सगळ्या बायका एकदम किंचाळायला लागायच्या. नवीन पहारेकरीण आली की तिला हे आधी कुणी सांगत नसे. तेवढीच आमची करमणूक.

या सोंगात मिस ओपलचा हात धरणारं कुणी नव्हतं.

मिस ओपल ग्रिग्सबी माझ्याच कोठडीत होती. लग्न झालेलं, तरी सगळ्या तिला आदराने मिसच म्हणायच्या. साठी उलटलेली, चणीने बारीक, आवाज इतका हळू की मीठ मागितलं तरी माफी मागतेय असं वाटावं. जन्मठेप. नवरा क्लाइड लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तिला मारायचा. एका रविवारी तिने त्याच्याच बंदुकीने त्याला गोळी घातली. घातली तेव्हा तो झोपलेला होता, तेच तिला कोर्टात नडलं. जागा असता तर सुटली असती म्हणे. जागा असता तर बंदूक तिच्या हातात राहिली असती का, हे कोर्टाने विचारलं नाही.

आमच्या कुत्र्याचं नाव रेडिओ. काळा, एक कान फाटलेला, थोडा लॅब्राडोर आणि बाकीचा देव जाणे कोण. नाव रेडिओ, पण तोंडातून आवाज म्हणून नाही. मिस ओपल पलंगावर तळमळायला लागली की हा पठ्ठ्या कोठडीतल्या आपल्या पिंजऱ्यातून उठायचा, दोन ढुशा द्यायचा, मग छातीवर चढायचा. एकदाही चुकला नाही. आठवड्यातून एकदा शिकवायला येणाऱ्या टिबेट्सबाईंनी ते पाहिलं आणि त्या खुळावल्याच.

"ओपल, तू हॉलिवूडला जायचं सोडून इथे काय करतेस गं?" त्या म्हणाल्या.

"तिकीट चुकीचं काढलं, मॅडम," मिस ओपल म्हणाली.

टिबेट्सबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी फर्मान काढलं की मिस ओपलने बाकीच्या बायकांना अभिनय शिकवावा. मग काय, जेवणघराच्या एका कोपऱ्यात शिकवणी सुरू झाली. ही म्हातारी बाकावर बसून सांगायची, "आधी पाय थंड पडतात. मग दात आवळतात. ओरडणं सगळ्यात शेवटी येतं गं, आणि ते मोठं नसतं, घशातच अडकतं." पोरी मान डोलवायच्या. एकीने विचारलं, "मिस ओपल, तुम्ही नाटकात होता का?" ही म्हणाली, "होते की. खूप वर्षं. एकच खेळ."

पोरी हसल्या. मीही हसले, कारण न हसले असते तर संशय आला असता.

तर आता खरं ऐका. ते सोंग नव्हतं. मिस ओपल दुपारी जरा आडवी झाली की खरोखर झोपायची, आणि झोपली की क्लाइड यायचा. रात्री तर यायचाच. रेडिओ शिकला तो त्या खऱ्यावर. तिच्या घामाचा वास, तिचा श्वास, तिचे आवळलेले दात यांवर तो शिकला. मी आपली खाऊ द्यायचं काम करत होते.

आणि हे कुणाला कळून चालणार नव्हतं. आमच्याकडे नियम होता की जिचं डोकं ठिकाणावर नाही तिच्या हाती कुत्रा द्यायचा नाही. डॉक्टरकडे नाव गेलं की गोळ्या सुरू, आणि गोळ्या सुरू झाल्या की कुत्रा-बराकीतून उचलबांगडी. पुन्हा कधी कुत्रा मिळणार नाही. नियम का केला ते मला समजतं, कुत्र्याच्या जिवाची काळजी. पण गंमत बघा, हाच आजार शिपायाला झाला तर त्याला कुत्रा मिळतो, आणि आम्हाला झाला तर असलेला काढून घेतात.

कुत्रा-बराकीत यायच्या आधी मिस ओपल मोठ्या बराकीत होती. तिथे ती ओरडायला लागली की बायका बूट फेकून मारायच्या. एकीने तिचा दात पाडला. मग ती झोपेनाशीच झाली. भिंतीला पाठ लावून बसायची आणि सकाळी शिवणखोलीत मशीनवर डुलक्या घ्यायची. एकदा बोटातून सुई गेली. रेडिओ आल्यापासून ती झोपायला लागली होती. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. तोंडावर थोडा रंग आला होता.

मी कुणाला बोलले नाही. माझं मन मोठं आहे म्हणून नव्हे हं. ती गेली असती तर कुत्रा गेला असता, आणि कुत्रा गेला असता तर माझी थंड हवा गेली असती. सरळ हिशोब.

एप्रिलात टिबेट्सबाईंनी बातमी आणली. रेडिओला घर मिळालं होतं.

"वेस्ली हॅनाफोर्ड नाव त्याचं," त्या म्हणाल्या. "अफगाणिस्तानात रस्त्यातले बॉम्ब शोधून काढायचं काम करायचा. आता धान्याच्या कोठारांची यंत्रं दुरुस्त करतो. सोमवारी येईल. चार-पाच दिवस इथेच व्यायामशाळेत तुम्ही त्याला रेडिओला सांभाळायला शिकवायचं. त्यातच मी परीक्षा घेणार, आणि रेडिओ पास झाला की आठवड्याअखेर त्याच्याबरोबर जाईल."

"आणि नापास झाला तर?" मिस ओपलने विचारलं.

"हा कसला नापास होतोय! पण झालाच तर आणखी सहा महिने इथे तुमच्याजवळ, आणि वेस्लीचं नाव पुन्हा रांगेत शेवटी."

कोठडीत आल्यावर तिने रेडिओचं अंग घासायला घेतलं आणि घासतच राहिली.

"अगं, कातडं निघेल त्याचं," मी म्हणाले.

"जोलीन, मला माहीत होतं हा जाणार."

"मग झालं तर. दुसरं येईल. कुत्र्यांना काय तोटा आहे."

"दुसऱ्याला शिकायला वेळ लागतो," ती म्हणाली. "तोवर काय करायचं?"

मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

सोमवारी वेस्ली आला. छत्तिशीचा गडी, खांदे दारात अडकतील असे, पण चालणं मात्र कुणाच्या तरी घरात चोरून शिरल्यासारखं. व्यायामशाळेत टिबेट्सबाईंनी खुर्च्या गोल मांडल्या होत्या. हा दाराकडे पाठ करून बसेना. त्याने आपली खुर्ची उचलली आणि भिंतीला लावली. मग त्याच्या लक्षात आलं की मिस ओपलची आणि माझी खुर्ची आधीपासूनच भिंतीला लावलेली आहे.

"बरोबर जागा धरलीत, मॅडम," तो म्हणाला.

आम्हाला मॅडम म्हणणारा माणूस कित्येक वर्षांनी भेटला. दाराशी पहाऱ्यावर ऑफिसर लंडी होती. हाडापेराने मोठी बाई, किल्ल्यांचा जुडगा कमरेला, तोंडात सदा च्युइंगम. ती खुदकन हसली. "मॅडम म्हणे! डोक्यावर चढतील त्या, साहेब."

पहिला दिवस सुरळीत गेला. बस म्हटलं की बसला, पायाला टेक म्हटलं की टेकला. वेस्लीचे हात कापायला लागले तेव्हा कुणी न सांगता रेडिओने त्याच्या मांडीवर डोकं ठेवलं. तो माणूस इतका वेळ त्या फाटक्या कानाकडे बघत बसला की शेवटी टिबेट्सबाईंना खोकावं लागलं.

दुपारी आम्ही पायऱ्यांवर बसून सँडविच खात होतो. मिस ओपलनेच विचारलं, "तुमचं लग्न झालंय का, सर?"

"हो, मॅडम. ट्रीना. तिनेच कुत्र्यासाठी अर्ज करायला लावला." त्याने अर्धं सँडविच कागदात परत गुंडाळलं. "मागच्या हिवाळ्यात झोपेत माझा हात तिला लागला. जबडा मोडला. मला काही कळलंच नाही हो. जाग आली तेव्हा ती जमिनीवर होती."

मिस ओपलचं खाणं थांबलं. ती उठली, रेडिओचा पट्टा घेतला आणि लंडीला म्हणाली, "ऑफिसर, मला कोठडीत जायचंय. पोट दुखतंय."

मी मागोमाग गेले. कोठडीत ती पलंगावर ताठ बसली होती. इतक्या वर्षांत मी तिला रागावलेली पाहिली नव्हती. त्या दिवशी पाहिली.

"'मला काही कळलंच नाही,'" ती म्हणाली. "ऐकलंस ना? हेच वाक्य. क्लाइडपण दर वेळी हेच म्हणायचा. दारूत होतो, कळलं नाही. रागात होतो, कळलं नाही. माझा जबडा दोनदा मोडला, जोलीन, दोन्ही वेळा त्याला कळलं नाही!"

"हा झोपेत होता म्हणतोय."

"म्हणायला काय जातंय! आणि त्याच्या घरी मी रेडिओ पाठवायचा? उद्या बायकोला मारताना कुत्रा मध्ये आला तर? कुत्र्यालाही मारेल. आणि म्हणेल, कळलं नाही."

"तुझ्या हातात काय आहे? परीक्षा टिबेट्सबाई घेणार."

तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला काय ठाऊक होतं तिच्या मनात काय आहे ते. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी टिबेट्सबाईंनी व्यायामशाळेत एक खाट मांडली. "वेस्ली, आडवा हो. डोळे मीट आणि वाईट स्वप्न पडल्यासारखं कर."

वेस्ली आडवा झाला. लाजेने लालबुंद. त्याने दोनदा पाय झाडले आणि "ओह, ओह" असं काहीतरी केलं. रेडिओने त्याच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

"अरे, जोर लाव थोडा!"

वेस्लीने जोर लावला. रेडिओ मागचा पाय वर करून कान खाजवायला लागला. लंडी हसून हसून भिंतीला टेकली. मग टिबेट्सबाई स्वतः खाटेवर पडल्या आणि असा गळा काढला की बाहेरची पहारेकरीण धावत आली. रेडिओ त्यांच्या बुटाचा वास घेऊन परत आला. मग मला पाडलं. मी आपली सगळी ताकद लावून किंचाळले. मेल्याने माझ्याकडे पाठ केली.

झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही म्हणतात ना? त्या कुत्र्याला ते पक्कं ठाऊक होतं. तो खऱ्यावर शिकलेला. खोट्याला उठवण्यात त्याला काही अर्थच दिसत नव्हता. आमचं इथेच चुकलं होतं, आणि ते त्या व्यायामशाळेत फक्त आम्हा दोघींना माहीत होतं.

"मला कळत नाही," टिबेट्सबाई घाम पुसत म्हणाल्या. "ओपलबरोबर तर कधी चुकत नाही. ओपल, ये बरं, तू करून दाखव."

"माझी कंबर धरलीय, मॅडम," मिस ओपल म्हणाली.

"पाचच मिनिटं."

"नाही जमणार, मॅडम."

अगदी शांतपणे म्हणाली. आणि मी तिच्या तोंडाकडे पाहिलं तेव्हा ती खूश होती. त्या गरीब तोंडावर समाधान असं की लोण्याचा गोळा गिळलेल्या मांजरीने शिकावं. मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं. सहा महिने कुत्रा, सहा महिने झोप, आणि मला सहा महिने थंड हवा. वाईट काय होतं त्यात?

टिबेट्सबाईंनी खांदे पाडले. "सॉरी, वेस्ली. हे काम त्याला येत नसेल तर मी त्याला देऊ शकत नाही. तुझ्यासाठी हेच तर महत्त्वाचं होतं."

"समजलं, मॅडम," वेस्ली म्हणाला. त्याने वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. खुंटीवरचं जाकीट घेऊन अंगात घातलं. मग रेडिओपुढे उकिडवा बसला आणि म्हणाला, "तुझा काही दोष नाही हं." आणि उठून मिस ओपलशी हात मिळवायला पुढे आला. कैद्याला हात लावणं चालत नाही हे आठवून त्याने हात परत खिशात घातला.

"तुमचे आभार, मॅडम. फार चांगला कुत्रा केलात."

मिस ओपलने मान खालीच ठेवली होती. ती म्हणाली, "आता तुमची बायको कुठे झोपते?"

"आमच्या खोलीत."

"आणि तुम्ही?"

"गराजमध्ये. जबडा मोडला त्या दिवसापासून. ती म्हणते आत ये. मीच जात नाही." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "खोलीच्या दाराला कडी नव्हती. मी बसवून दिली. आतून. आणि तिला सांगितलंय, मी बाहेरून कितीही गोड बोललो तरी काढायची नाही."

मिस ओपलने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. बघतच राहिली.

"आतून," ती म्हणाली.

"हो, मॅडम."

"क्लाइडने बाहेरून बसवली होती."

क्लाइड कोण हे वेस्लीने विचारलं नाही. टिबेट्सबाई खाट घडी करत होत्या, त्यांच्या कानावर हे गेलंच नाही. मिस ओपलने रेडिओच्या डोक्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग म्हणाली, "मॅडम, ती खाट राहू द्या. कंबर बरी वाटतेय."

"ओपल!" मी म्हणाले. न राहवून तोंडातून गेलं. तिने ऐकलं नाही.

ती खाटेवर आडवी झाली, हात पोटावर ठेवले, डोळे मिटले. काहीच झालं नाही. दिवसाढवळ्या, दिवे लागलेले, चार माणसं बघतायत, झोप कशी येणार? आणि तिला तर खोटं करता येत नव्हतं. लोक तिला नटी समजत होते, पण त्या बिचारीला जन्मात कधी सोंग जमलं नव्हतं.

डोळे न उघडता ती म्हणाली, "ऑफिसर लंडी, जरा एक काम करता का? त्या टोकाच्या दारापासून माझ्याकडे चालत या. सावकाश. आणि किल्ल्या हातात घ्या. वाजू देत."

"आता नाटकात मलाही घेतलं," लंडी हसत म्हणाली आणि दाराकडे गेली.

लंडीचे बूट जड. लाकडी जमिनीवर टाच आपटत, किल्ल्या खुळखुळवत ती यायला लागली. अर्ध्या वाटेवर मिस ओपलच्या पायाची बोटं वळली. मग जबडा आवळला. मान एका बाजूला गेली, हात उचलून तोंडापुढे आले. लंडी अजून हसतच होती. मग मिस ओपलच्या घशातून तो आवाज आला आणि लंडीचा पाय जागीच थांबला. च्युइंगम चघळायचं थांबलं.

रेडिओ माझ्या हातातून पट्टा ओढून गेला. एक ढुशी, दुसरी ढुशी, आणि तो चढला तिच्यावर. सगळा भार टाकला आणि तिचे हात बाजूला करून तोंड चाटायला लागला. तिला परत यायला वेळ लागला. आली तेव्हा तिने त्याच्या मानेत बोटं रुतवली होती आणि खाटेवर ओल पसरली होती.

ती ओल सगळ्यांनी पाहिली. टिबेट्सबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. चांगल्या बाईला नियम तोडता येत नाही, हेच तर दुखणं.

लंडीने विचारलं, "हे... हे नाटकच आहे ना?"

मला वाटलं, संपलं. आता डॉक्टर, आता गोळ्या, आता मोठी बराक आणि बूट. थंड हवेचा विचारसुद्धा आला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"नाटकच," वेस्ली म्हणाला. "मी खरं पाहिलंय. माझी आख्खी तुकडी पाहिलीय. खरं असं नसतं." त्याने जाकीट काढलं, मिस ओपलला खाटेवरून उठायला कोपराचा आधार दिला आणि ते जाकीट तिच्या कमरेभोवती बांधलं. नियमात बसत नव्हतं, पण लंडी गप्प राहिली. "उठा मॅडम. मी दाखवतो कसं असतं."

आणि तो त्याच ओल्या खाटेवर आडवा झाला. परक्या बायकांसमोर. मघाशी खोटं करताना लाजेने मेलेला माणूस तो. आता ओरडला नाही, पाय झाडले नाहीत. डोळे मिटून पडून राहिला, आणि हळूहळू त्याचा श्वास बारीक होत गेला. तोंड उघडलं, पण आवाज नाही. बोटं खाटेची चौकट चाचपत होती, एकेक इंच, फार जपून, वायर शोधत असावीत तशी. मग ती थांबली आणि सगळं अंग असं ताठ झालं की मला बघवेना.

रेडिओ मिस ओपलच्या पायाशी होता. त्याने वर तिच्याकडे पाहिलं. तिने पट्टा सोडून दिला.

तो गेला. दोन ढुशा दिल्या आणि चढला त्याच्या छातीवर. मागे वळून पाहिलं नाही. कशाला पाहील, त्याला काम होतं.

"पास," टिबेट्सबाई म्हणाल्या. "अभिनय... दोघांचाही उत्तम होता." आणि त्या खाटेची चादर गोळा करून स्वतः धुवायला घेऊन गेल्या.

आठवड्याच्या शेवटी रेडिओ गेला. मिस ओपलने त्याच्या गळ्यात नवा पट्टा बांधला, आणि तो ऐटीत वेस्लीबरोबर फाटकाबाहेर पडला. आम्ही खिडकीतून बघत होतो. ती रडली. चांगली हुंदके देऊन रडली. मी म्हणाले, "पुरे आता." ती म्हणाली, "तूही पूस ते नाक." मला सर्दी झाली होती. असो.

नवीन कुत्रा दोन आठवड्यांनी येणार होता. तोवर पिंजरा रिकामा. पहिले काही दिवस मिस ओपल झोपलीच नाही. भिंतीला पाठ लावून बसायची, पूर्वीसारखी. मी म्हटलं, आडवी हो गं बाई, मरशील. ती म्हणाली, "कुत्रा नाही, काही नाही, मी ओरडले तर काय सांगशील?" खरंच होतं. कुत्रा होता तोवर तिच्या ओरडण्याला कारण होतं. आता कशाचं शिक्षण आणि कशाचं काय?

पण शरीर ते शरीर. एका दुपारी कैद्यांच्या मोजणीच्या वेळी ती बसल्या जागी कलंडली. मी वरच्या पलंगावर होते. बराक चिडीचूप, मोजणीत बोलायचं नसतं, पलंगावरून उतरायचं नसतं. आणि नेमके तेव्हाच लंडीचे बूट आणि लंडीच्या किल्ल्या आमच्या बाजूला यायला लागल्या. खालून दात आवळल्याचा आवाज आला. मग तो दुसरा आवाज. घशातला. सगळ्या बराकीला ऐकू गेला असेल.

लंडी आमच्या जाळीशी थांबली. तिने मिस ओपलकडे पाहिलं. मग रिकाम्या पिंजऱ्याकडे पाहिलं, त्याच्यात ठेवलेल्या धुतलेल्या वाटीकडे पाहिलं.

"सराव करतेय," मी वरून म्हणाले. मोजणीत बोलले, तोही गुन्हाच.

"कुत्रा कुठाय?"

"यायचाय."

"मग ही कुणाला शिकवतेय?"

"मला," मी म्हणाले.

लंडी च्युइंगम चघळत उभी राहिली. मी तिच्यासमोरच शिडीवरून खाली उतरले, मिस ओपलच्या पलंगावर गेले आणि खांद्याला दोन ढुशा दिल्या. उठेना. मग मी अर्धी तिच्या अंगावर पडले आणि सगळा भार टाकला. माझा भार थोडाथोडका नाही. चाटणं काही मला जमणार नव्हतं. मी तिचं तोंड माझ्या बाहीने पुसत राहिले.

"दोघी आहेत," लंडीने मोठ्याने मोजलं, आणि पुढच्या कोठडीकडे गेली. जाताना तिने किल्ल्या मुठीत घट्ट धरल्या होत्या.